हिवाळ्यातील कोरड्या त्वचेसाठी घरगुती लोशन: पाणी बाटलीत घालावे की अंगावरच राहू द्यावे?

निफाड तालुक्यातील एका भगिनींनी विचारले आहे की, दिवाळी सरली की त्यांच्या आणि त्यांच्या सासूबाईंच्या पायांच्या नडग्या उलतात, टाचांना भेगा पडतात, आणि बाजारातील लोशनच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचून ते लावण्याची इच्छा होत नाही. म्हणून त्यांनी कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, खोबरेल तेल आणि व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल मिक्सरमध्ये फिरवून घरी लोशन केले. ते पहिल्या दिवशी सुरेख दिसले. चौथ्या दिवशी वर पांढरा घट्ट थर आणि खाली पाणी असे दोन भाग झाले, आणि दहाव्या दिवशी झाकणाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके दिसले. चूक कोठे झाली, टिकणारे लोशन घरी करता येते का, आणि मधुमेह असलेल्या सासूबाईंच्या पायांना ते चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. गेली सतरा वर्षे मी घरच्या घरी साबण, मलमे आणि लोशने करते व इतरांना शिकवते, त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

सर्वांत आधी एक विनंती. ती बाटली आजच टाकून द्यावी. काळे ठिपके पुसून उरलेले लोशन वापरण्याचा मोह होतो, कारण त्यात आपले कष्ट असतात. परंतु बुरशी डोळ्यांना दिसते तेव्हा ती बाटलीत सर्वत्र पसरलेली असते, आणि तिच्याआधी वाढलेले जिवाणू तर दिसतही नाहीत. उललेल्या त्वचेवर असे लोशन लावणे म्हणजे उघड्या दारातून त्यांना आत घेणे होय.

आता चूक कोठे झाली ते पाहू. आपल्या घरात लोणी आणि तूप दोन्ही असतात, आणि या विषयातील जवळजवळ सर्व काही त्या दोन पदार्थांच्या आधारे समजून घेता येते. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धांशाचे बारीक थेंब. लोणी म्हणजे त्याच्या उलट, स्निग्धांशात अडकलेले पाण्याचे थेंब. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, घरच्या लोण्यात त्याहूनही अधिक. हेच पाणी आणि त्यातला ताकाचा अंश यांमुळे लोणी चार दिवस बाहेर राहिले तर त्याला वास येतो. तेच लोणी कढवले, पाणी उडून गेले आणि बेरी तळाशी बसली, की तूप महिनोन् महिने फडताळात टिकते. सूक्ष्मजीवांना वाढण्यासाठी पाणी लागते. नुसत्या स्निग्ध पदार्थात ते वाढू शकत नाहीत. आपण केलेले लोशन हे लोण्याच्या जातीचे होते, आणि आपण त्याच्याकडून तुपासारखे टिकण्याची अपेक्षा ठेवली.

त्यातही कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी हे नुसते पाणी नसून सूक्ष्मजीवांचे खाद्यही आहे. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते. बुरशी किंवा जिवाणू यांच्यावर त्याचा उपयोग होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. दोन थर झाले त्याचे कारण वेगळे आहे. तेल आणि पाणी यांना धरून ठेवणारा पदार्थ त्यात नव्हता. दुधात हे काम प्रथिने करतात, लोशनमध्ये ते इमल्सिफायिंग वॅक्स नावाच्या मेणासारख्या पदार्थाला करावे लागते. मिक्सरने तेलाचे थेंब बारीक झाले, पण ते पुन्हा एकत्र आलेच. शिवाय खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, आणि ज्या गावांत डिसेंबरच्या रात्री द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेकोट्या पेटवाव्या लागतात तेथे ते वर येऊन पांढरा थर धरणार हे ठरलेलेच होते.

मीही हीच चूक केली होती, आणि ती मला आजही टोचते. सुरुवातीच्या काळात मला वाटायचे की कडुनिंबाचा काढा पाण्याऐवजी घातला तर वेगळे परिरक्षक (लोशन बिघडू न देणारे द्रव्य, म्हणजेच प्रिझर्व्हेटिव्ह) लागणारच नाही, कारण कडुनिंब जंतुनाशक आहे. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी अशा लोशनच्या तीस छोट्या बाटल्या वाटल्या. दोन आठवड्यांनी घरी उरलेल्या बाटलीत पांढरी लव दिसली. मग घरोघरी जाऊन एकेक बाटली परत मागितली. एका घरात ते लोशन तान्ह्या बाळाच्या गालांना लावत होते. बाळाला काही झाले नाही, पण त्या दिवसापासून मी काढा, गर, दूध, मध, फळांचा रस यांपैकी काहीही साठवायच्या लोशनमध्ये घातलेले नाही.

आता त्वचेची गरज काय आहे हे थोडक्यात पाहू, म्हणजे कृतीतला प्रत्येक घटक का आहे ते कळेल. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्यांचा चुना अशा भिंतीसारखा असतो. हा थर मऊ राहण्यासाठी त्यात किमान १० टक्क्यांच्या आसपास पाणी असावे लागते. उत्तरेकडून कोरडे वारे सुरू झाले की हवा ते पाणी ओढून घेते, आणि बंबातल्या कढत पाण्याने व साबणाने आपण तो चुनाच धुऊन काढतो. साध्या साबणाचा सामू (pH) ९ ते १०, तर त्वचेचा सामू ५ च्या आसपास असतो. वाढत्या वयात त्वचेतील तैलग्रंथींचे काम मंदावते, म्हणून सासूबाईंच्या नडग्यांवर नखाने ओढले तर पिठासारखी पांढरी रेघ उमटत असेल. ती रेघ हीच कोरडेपणाची घरगुती कसोटी आहे. लोशनचा उपयोग होतो आहे की नाही हे आठवड्याने त्याच रेघेवरून पाहावे.

म्हणजे त्वचेला दोन गोष्टी हव्या आहेत, पाणी आणि ते पाणी उडू न देणारा स्निग्ध थर. आंघोळीनंतर त्वचेवर पाणी असतेच, तेही ताजे आणि फुकट. तेव्हा ते बाटलीत घालण्याचा आणि टिकवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा पाण्याविना मलम करावे आणि ते ओल्या अंगावर लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोशनची शेवटची पायरी आपल्या तळव्यांवर आणि नडग्यांवर पूर्ण होते. मी याला तुपाचा मार्ग म्हणते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला प्रथम हाच सांगते.

या मलमासाठी कोकणातील कोकमाचे तेल घ्यावे. रातांब्याच्या बियांपासून निघणारे हे तेल सामान्य तापमानाला घट्टच असते. पूर्वी ते मुठीने वळून त्याचे गोळे करीत, म्हणून त्याला मुठेल असेही म्हणतात. कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांवर ते चोळण्याची रीत जुनी आहे. ते साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे डबीत टणक राहते आणि अंगावर चोळल्यावर विरघळते. घाण्यावरून आणलेल्या मुठेलाला थोडा उग्र वास असतो आणि त्यात बारीक काळसर कण असू शकतात. ते वितळवून स्वच्छ, पूर्ण कोरड्या मलमलीतून गाळून घ्यावे.

दुसरे तेल म्हणून मी करडईचे सुचवते. करडई हे महाराष्ट्राचे रब्बीचे पीक आहे, आणि तिच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असते. त्वचेच्या भिंतीतला जो चुना मी वर सांगितला, तो तयार करण्यासाठी त्वचेला हे आम्ल लागते. ज्या तेलांत ओलेइक आम्ल फार असते, उदाहरणार्थ ऑलिव्हचे तेल, ती नाजूक त्वचेची भिंत उलट सैल करतात असे अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे महागडे ऑलिव्ह तेल आणून बाळाला किंवा फार कोरड्या त्वचेला चोळण्याची शिफारस मी करत नाही. तिळाचे तेल चांगले आहे, अंगाला ऊब देते असा आपला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे, पण त्याचा वास काहींना सहन होत नाही. खोबरेलही उत्तम. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपिन्समधील एका चाचणीत कोरड्या त्वचेवर खोबरेल तेल आणि खनिज तेल या दोहोंनी त्वचेतील ओलावा वाढला होता. ज्यांच्या घरी खोबरेलच आहे त्यांनी तेच वापरावे, त्यासाठी वेगळी खरेदी करू नये.

प्रमाण वजनानेच घ्यावे, चमच्याने नव्हे. १०० ग्रॅम मलमासाठी करडईचे तेल ७० ग्रॅम, मुठेल २५ ग्रॅम आणि मधमाश्यांचे मेण ५ ग्रॅम पुरते. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात पूर्ण कोरडे स्टीलचे भांडे ठेवावे. आधी मेण आणि त्याच्या दुप्पट तेल घालावे, कारण मेण वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात आणि सर्व तेल तितका वेळ तापवण्याचे कारण नाही. मेण वितळले की मुठेल घालावे, तेही वितळले की भांडे खाली घेऊन उरलेले तेल ओतावे. या टप्प्यावर एक थेंब गार बशीवर टाकून दोन मिनिटांनी बोटाने दाबून पाहावा, जसा आपण मोरंब्याचा पाक पाहतो. थेंब फार कडक वाटला तर थोडे तेल वाढवावे, फार पातळ वाटला तर चिमूटभर मेण. निफाडच्या जानेवारीत मेण ४ ग्रॅमही पुरेल; मुंबईत ७ लागते.

येथून पुढे घाई करावी. भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून मिश्रण सतत ढवळावे, आणि ते साईसारखे दाट व धुरकट होऊ लागले की डबीत भरावे. हे मिश्रण सावकाश निवू दिले तर मुठेलाचे दाणे धरतात. तूप रवाळ झाले तर आपल्याला आनंद होतो, परंतु मलम रवाळ झाले की ते त्वचेवर वाळूसारखे लागते. तसे झालेच तर वाया गेलेले नाही, पुन्हा मंद आचेवर वितळवून झटपट निववावे. डबी काचेची, उकळून उन्हात पूर्ण वाळवलेली असावी. ओले बोट आत घालू नये. छोटा कोरडा चमचा डबीसोबतच ठेवावा. असे मलम तीन महिने सहज टिकते. करडईचे तेल लवकर खवट होते, म्हणून एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त करू नये, आणि दिवाळीचा उरलेला चिवडा जसा महिन्याभराने वास देऊ लागतो तसा वास आला की मलम टाकून द्यावे.

लावण्याच्या पद्धतीवर निम्मे यश अवलंबून आहे, आणि लोक नेमके याच ठिकाणी कमी पडतात. पाणी कोमट असावे, आंघोळ दहा मिनिटांत उरकावी, साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरताच लावावा. पंच्याने अंग रगडू नये, टिपावे, आणि त्वचा दमट असतानाच, म्हणजे साधारण तीन मिनिटांच्या आत, मलम लावावे. एका नडगीला हरभऱ्याच्या दाण्याएवढे मलम पुरते. ते ओल्या तळव्यांवर घासले की पांढुरके होते. तेच आपले लोशन. ते वरून खाली, लवेच्या दिशेने फिरवावे. फार जास्त लावले तर चिकटते, कपड्यांना डाग पडतात, आणि मग माणूस दोन दिवसांत कंटाळून सोडून देतो. तळपायांना लावायचे असल्यास न्हाणीघरात उभे राहून लावू नये. बाहेर पाटावर किंवा खुर्चीवर बसून लावावे आणि लगेच सुती मोजे घालावेत. तेलकट पायाने ओल्या फरशीवर घसरून वयस्कर माणसांचे खुब्याचे हाड मोडते. ही भीती काल्पनिक नाही.

ज्यांना मलम जड वाटते आणि हातावर ओतता येणारे खरे लोशनच हवे आहे, त्यांच्यासाठी लोण्याचा मार्ग आहे, पण त्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. १०० ग्रॅम लोशनसाठी डिस्टिल्ड वॉटर ७२ ग्रॅम, ग्लिसरीन ४, करडईचे तेल १२, मुठेल ४.५, इमल्सिफायिंग वॅक्स ६, व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम आणि प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम असे प्रमाण मी वापरते. फेनॉक्सीइथेनॉल या प्रिझर्व्हेटिव्हचे प्रमाण सौंदर्यप्रसाधनांत १ टक्क्यापर्यंतच ठेवतात, म्हणून हा आकडा वाढवू नये. मधमाश्यांचे मेण इमल्सिफायिंग वॅक्सच्या जागी चालत नाही. ते लोशन दाट करते, पण एकट्याने तेल आणि पाणी बांधून ठेवत नाही, आणि बहुतेक घरगुती लोशने याच कारणाने फुटतात.

पाणी व ग्लिसरीन एका भांड्यात, तेल, मुठेल व वॅक्स दुसऱ्या भांड्यात घेऊन दोन्ही ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवावीत आणि वीस मिनिटे त्याच तापमानाला राखावीत. दोन्ही सारखीच गरम असणे महत्त्वाचे आहे. गार पाणी गरम तेलात पडले की वॅक्सचे कण आखडतात. मग पाण्यात तेल बारीक धारेने सोडत हँड ब्लेंडरने किंवा लाकडी नसलेल्या स्वच्छ रवीने घुसळावे. लाकडाच्या छिद्रांत ओल आणि जंतू राहतात, म्हणून येथे लाकूड नको. मिश्रण दुधासारखे पांढरे होते, निवता निवता सायीसारखे दाटते. ४० अंशांच्या खाली आले की प्रिझर्व्हेटिव्ह आणि व्हिटॅमिन ई घालावे, सामू मोजण्याच्या पट्टीने तो ५ ते ५.५ आहे हे पाहावे, आणि उकळून वाळवलेल्या पंपाच्या बाटलीत भरावे. पंप यासाठी की बोटे आत जात नाहीत.

प्रिझर्व्हेटिव्ह हा शब्द वाचून आपल्याला वाईट वाटेल हे मी जाणते, कारण आपण रसायनांपासून दूर जाण्यासाठीच या वाटेला आलात. तरीही मी मनापासून सांगते की पाणी असलेल्या लोशनमध्ये एक टक्का परिरक्षक हा त्वचेला सडलेल्या लोशनपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. तो घालायचाच नसेल तर लोशन ५० ग्रॅमच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे, पाच दिवसांत संपवावे, आणि उललेल्या त्वचेला, तान्ह्या मुलांना व मधुमेहींना ते लावू नये. हे लोशन नसून ताजी भाजी आहे असे समजून वागावे.

आपल्या परंपरेत या दोन मार्गांच्या मधोमध एक सुंदर कृती आहे, ती म्हणजे शतधौत घृत. तांब्याच्या ताटात गाईचे तूप घ्यायचे, त्यावर गार पाणी घालायचे, तांब्याच्या गडूच्या बुडाने ते गोल गोल घोटायचे, पाणी ओतून द्यायचे आणि पुन्हा नवे घालायचे, असे शंभर वेळा. विसाव्या धुण्यापर्यंत फारसा फरक दिसत नाही आणि हात भरून येतो. मग पिवळेपणा ओसरतो, तूप फुलू लागते, तुपाचा वास जातो, आणि अखेरीस ताटात पांढरेशुभ्र, गार, लोण्याहून हलके मलम उरते. तळहातावर घेतले की ते तुपासारखे पसरत नाही, आत जिरते. आयुर्वेदात ते भाजल्यावर आणि आग होणाऱ्या त्वचेवर सांगितलेले आहे, आणि कोरड्या गालांवर मी स्वतः ते वापरते. मात्र आता त्यात पाणी अडकलेले आहे हे विसरू नये. तूप टिकते म्हणून शतधौत घृतही टिकेल असे नाही. ते फ्रिजमध्ये ठेवावे व थोडेथोडे करून लवकर संपवावे, आणि घोटून झाल्यावर तांब्यात न ठेवता काचेच्या डबीत काढावे, कारण तांब्याच्या संपर्काने स्निग्ध पदार्थ लवकर खवट होतात.

काय घालू नये याबद्दलही थोडे सांगते. ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाचा रस हे मिश्रण अनेक घरांत असते. त्यातले लिंबू काढून टाकावे. ते उललेल्या त्वचेला झोंबते, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की काळे डाग, क्वचित फोडही येतात. ग्लिसरीन निर्भेळ लावू नये, कारण हवा कोरडी असते तेव्हा ते त्वचेच्या आतलेच पाणी वर ओढते. पाण्यात पातळ करून लावावे आणि त्यावर मलमाचा हलका थर द्यावा. कोरफड वापरायचीच असेल तर पान कापून पंधरा मिनिटे उभे ठेवावे, पिवळा चीक गळू द्यावा, आतला पारदर्शक गर तेवढाच घ्यावा, आणि ताजाच लावून उरलेला टाकावा. खोबरेलात कापूर घालण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. दोन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती पूर्ण सोडावी, कापूर त्यांना विषारी ठरू शकतो. सुगंधी तेले मोठ्यांच्या मलमातही एक टक्क्याच्या वर नकोत, आणि कोणतेही नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे.

शेवटचा प्रश्न सासूबाईंचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नडग्यांना आणि टाचांना पाण्याविना केलेले मलम त्यांना चालेल, त्यात सुगंधी तेल नसावे एवढेच. बोटांच्या बेचक्यांत मात्र ते लावू नये, तेथे ओल राहिली की चिखल्या होतात. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून टाचेची भेग खोल गेली, तरी त्यांना दुखेलच असे नाही. रोज रात्री मलम लावताना आपणच त्यांची पावले उजेडात उलटसुलट पाहावीत. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, कडा लाल व गरम असतील, किंवा त्वचा काळी पडत असेल तर कोणतेही मलम न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घट्ट झालेली कातडी ब्लेडने तासू नये आणि दगडाने रगडूही नये. आणि खाज रात्री वाढत असेल, घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी होत असेल, किंवा गोल चट्टे दिसत असतील, तर तो कोरडेपणा नसून खरूज किंवा गजकर्ण असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दुकानातून स्वतःच्या मनाने मलमाची ट्यूब आणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.